ताटात काय हवं हे सांगणारे खूप, ताटात का नाही हे कोण विचारणार?

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनवर एक ठरलेला प्रश्न येतो. या आठवड्यात चार पोरींनी विचारला. "ताई, न्यूट्रिशन घेऊ का? स्कोप आहे का जी त्यात?"

पाचवा फोन त्यातल्याच एकीच्या बाबांचा. आमच्या आमगाव तालुक्यातलेच, ओळखीचे. ते सरळ मुद्द्यावर आले. "पोरीले सैपाकच शिकवाचा हाय त मंग नागपूरले कायले पाठवाचं? घरीच शिकते नं मायजवळ."

मी हसले, पण त्यांना लगेच उत्तर देऊ शकले नाही. हाच प्रश्न माझ्या बाबांनाही लोकांनी विचारला होता. मी गृहविज्ञानात बीएस्सी आणि मग अन्न व पोषण विषयात एमएस्सी केली, नागपूरला राहून. त्यानंतर काही वर्षं आपल्या भागात कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात कंत्राटावर समुपदेशक होते. त्यामुळे या विषयाचं चांगलं-वाईट दोन्ही पाहिलंय. पाचही जणांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

आधी "सैपाक शिकवतात" याबद्दल.

पोषणशास्त्राचा जन्म स्वयंपाकघरात झालेला नाही, आणि आपल्यासाठी गंमत म्हणजे तो बऱ्याच अंशी तांदळातून झालाय. एकोणिसाव्या शतकात जिथे जिथे तांदूळ पांढराशुभ्र सडायच्या मशिनी आल्या, तिथे तिथे बेरीबेरी नावाचा रोग वाढला. पाय सुजायचे, हातापायातली ताकद जायची, माणसं दगावायची. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरला दिसलं की पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. पुढे त्या कोंड्यातलं जीवनसत्त्व सापडलं, आज आपण त्याला बी-१ म्हणतो. आइकमनला १९२९ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरीच्याच चौकशीसाठी एक छोटं केंद्र सुरू झालं. तेच वाढत वाढत आज हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झालंय.

आता आपला गोंदिया बघा. शहराच्या कुठल्याही बाजूने आत या, राईस मिल दिसते. धान उकडून मग भरडला की कोंड्यातलं बी-१ दाण्यात मुरतं, म्हणून उकडा तांदूळ पॉलिश करूनही जास्त कसदार राहतो. तो उकडा आपल्याकडून बराचसा बाहेर जातो. आपण खातो पांढरा शुभ्र, आणि तोही तीनदा धुऊन, पेज काढून टाकून. कोंडा तेलाच्या कारखान्यात जातो. ज्या दाण्यावरून हे सगळं शास्त्र उभं राहिलं, त्या दाण्याच्या गावात बसून आपण म्हणतो, ह्यात शिकण्यासारखं काय आहे!

आपल्या विदर्भात हा विषय नवा नाही. नागपूरचं एलएडी कॉलेज १९३२ चं. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेजही त्याच सालचं. बायकांना घराबाहेर पडायची मोकळीक नव्हती तेव्हा "गृह" हा शब्द पुढे करून बायकांनी रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, जीवाणूशास्त्र शिकून घेतलं. नाव घराचं, अभ्यास विज्ञानाचा. दुर्दैव असं की नाव तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं.

आता करिअरचं, कारण पालकांना ते आधी हवं असतं.

इथे घोळ खूप आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्याकडच्या कॉलेजांत बीएला गृहअर्थशास्त्र असतं. विषय चांगला आहे, पण तेवढ्यावर कुणी दवाखान्यातली आहारतज्ज्ञ होत नाही. त्यासाठी गृहविज्ञान किंवा पोषण-आहारशास्त्रातली बीएस्सी, मग पदव्युत्तर शिक्षण, मग मान्यताप्राप्त रुग्णालयात इंटर्नशिप आणि इंडियन डाएटेटिक असोसिएशनची नोंदणी परीक्षा, असा रस्ता आहे. २०२१ मध्ये संसदेने आरोग्य क्षेत्रातल्या सहयोगी व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ हे दोन्ही आलेत. म्हणजे उद्या कुणीही उठून पाटी लावावी असे दिवस संपायला हवेत. अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या भरतीला गृहविज्ञानाची पदवी चालते. नेट-सेट करून शिकवता येतं. खासगी दवाखान्यात सुरुवातीचा पगार कमी असतो, हेही लपवत नाही.

आणि मोबाईलवर दिसणारा "पंधरा दिवसांत सर्टिफाईड न्यूट्रिशनिस्ट" हा कोर्स म्हणजे यातलं काहीच नाही.

कारण आपण शिकलेली माणसं तयार करत नाही तोवर ती जागा रिकामी राहत नाही. आज तालुक्याच्या गावातही सकाळी सहाला एखाद्या गाळ्यात वजनकाटा, चरबी मोजायचं मशीन आणि शेकचे डबे मांडलेले दिसतात. चालवणारा "वेलनेस कोच" असतो. त्याची मी थट्टा करत नाही, बऱ्याचदा तो बेरोजगार पदवीधरच असतो. पण माझ्या नात्यातल्या एका काकांनी अशाच एका ठिकाणी ऐकून साखरेच्या गोळ्या बंद केल्या आणि महिन्याभरात त्यांना भरती करावं लागलं. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. शरीर कमावण्यासाठी प्रोटीनची पावडर टाळा, असं त्यात स्पष्ट आहे. हे सांगणारं माणूस गाळ्यात नाही आणि गाळ्याबाहेरही नाही.

असो. पण मला सगळ्यात जास्त जे बोलायचंय ते हे नाही.

केंद्रात असताना जुलैत एक बाई आली, दीड वर्षाचं पोरगं घेऊन. दंडाचा घेर ११.२ सेंटीमीटर. साडेअकराच्या खाली गेला की तीव्र कुपोषित धरतात. अशा मुलाला एकदम पोटभर खाऊ घालता येत नाही, जिवावर बेतू शकतं. आधी एफ-७५ नावाचं पातळ दूध, १०० मिलीला ७५ उष्मांक, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. मूल स्थिरावलं, भूक लागायला लागली की मग एफ-१००. हे मोजमाप, ही वेळ पाळणं, वजनाचा आलेख बघणं, हे सगळं मी विद्यापीठात शिकले होते आणि ते कामाला आलं. सहाव्या दिवशी पोरगं हसलं. त्याच दिवशी आईने पिशवी भरली. रोवणी सुरू झाली होती.

मी तिला समजावलं. प्रथिनं, अंडं, डाळ, तेलाचा चमचा, तक्ता दाखवून सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, अंडं द्याव लागते हे मले माहीत हाय जी. कोंबड्या हायेत नं घरी. पन अंडी विकली त तेल येते."

केंद्रात बुडीत मजुरी मिळते. पण रोवणीच्या दिवसांतला रोज त्याहून जास्त असतो आणि रोख हातात पडतो. घरी अजून दोन पोरं होती. ती गेली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "आईचे समुपदेशन केले." त्या रकान्यात दुसरं काही लिहायला जागाच नव्हती.

त्या रात्री मला माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणातली मोठी फट दिसली. ताटात काय हवं हे आईला सांगायला मला शिकवलं होतं. ताटात ते का नाही, हे वरच्या माणसाला विचारायला शिकवलं नव्हतं. आमचे सगळे तक्ते, पोस्टर, प्रात्यक्षिकं, सप्टेंबरातला पोषण महिना, सगळ्यांचं तोंड आईकडे. जणू कुपोषण म्हणजे आईच्या डोक्यात माहिती कमी असल्याचा रोग!

उलट हिशोब करून बघू. अंगणवाडीतल्या सर्वसाधारण मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं पूरक आहारातून मिळावीत, असा सरकारचाच नियम होता. त्यासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर होता मुलामागे दिवसाला ८ रुपये. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि आपल्या बाजारात एका अंड्याला सहा-सात रुपये तर पडतातच. उरल्या एक-दोन रुपयांत बाकीची प्रथिनं, ५०० उष्मांक, तेल, मीठ, सगळं बसवा. हे गणित बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी दहा मिनिटांत करून दाखवेल. पण जिथे हे दर ठरतात, जिथे जिल्ह्याचा आराखडा होतो, त्या टेबलाशी ती पोरगी नसते. ती पोस्टर चिकटवत असते.

शाळेतल्या अंड्याचंही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. ज्यांची अंडी तेलासाठी विकली जातात त्यांच्याकडूनच लोकसहभाग! एनएफएचएस-५ प्रमाणे महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत आणि ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. बायकांमधला रक्तक्षय आधीच्या पाहणीत ४८ टक्के होता, तो ५४.२ झाला. हे आकडे हातात असताना अंडं बंद होतं आणि जिल्ह्यातला एकही पोषणाचा माणूस जाहीरपणे "हे चुकतंय" म्हणत नाही. मी तरी कुठे म्हटलं होतं? कंत्राट होतं.

आता कुणी म्हणेल, हे काम पोषणतज्ज्ञाचं नाहीच, हे राजकारण झालं. मला ते पटत नाही, कारण आपल्याच राज्यात हे काम झालंय. १९८० च्या सुमाराला रोजगार हमीच्या मजुराला किमान मजुरी किती द्यायची हे ठरवताना माणसाला लागणाऱ्या अन्नाचा हिशोब घातला गेला. डॉ. अभय बंग यांनी तो हिशोब पुन्हा मांडला, कष्टकऱ्याला लागणारे उष्मांक कसे कमी धरलेत ते दाखवून दिलं, आणि त्यातून मजुरी वाढायला जोर मिळाला. पोषणाचं गणितच होतं ते, फक्त आईसमोर मांडण्याऐवजी सरकारसमोर मांडलेलं. आपले पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत वर्षानुवर्षं होते. जग "प्रथिनांची कमतरता" म्हणून पावडरींच्या मागे लागलं होतं तेव्हा ते आकडे मांडून सांगत होते की गरिबाच्या ताटात आधी एकूण अन्नच कमी पडतंय. पुढे पुण्यात त्यांनी स्वच्छ पाण्याचा आग्रह धरला, कारण सतत हगवण लागलेल्या पोराच्या अंगी अन्न लागत नाही. दांडेकरांशी त्यांचा वाद झाला तोही दारिद्र्यरेषा आणि उष्मांकांवरूनच. मला नागपूरला सुखात्म्यांचं नाव एका परिच्छेदात भेटलं. परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही तो सोडून दिला होता.

दुसरी फट. आमच्या पुस्तकातलं ताट आमचं नव्हतंच.

नमुना आहार लिहायला सांगितला की आम्ही सगळ्या जणी ओट्स, सफरचंद, पनीर लिहायचो. कुणी लाखोळी लिहिली नाही. तरोट्याची भाजी, वास्ते, सात्या, शिंगाडे, मामा तलावातली बारकी मासळी, सुकवलेले झिंगे, जवसाची चटणी, मोहफुलं, यातलं एकही नाव माझ्या पाच वर्षांच्या वह्यांत नाही. आणि मी कुठे वाढले? बोडीच्या काठावर! काट्यासकट खाल्लेली बारकी मासळी म्हणजे कॅल्शियम. जवसात ओमेगा-३ आहे, ज्याच्या गोळ्या शहरात महाग विकतात. भातात लायसिन कमी असतं, डाळीत ते भरपूर, म्हणून आपलं भात-वरण शास्त्राच्या कसोटीवर उतरतं, फक्त वरण पातळ होत होत पाणी होऊ नये. हे मला नंतर, एकटीने जोडून बघावं लागलं.

लाखोळीची गोष्ट तर या जिल्ह्यातल्या प्रत्येक पोषणाच्या विद्यार्थ्याला पाठ हवी. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत टाकायची, ना नांगर ना पाणी, गरिबाची डाळ. दुष्काळात नुसती हीच डाळ महिनोन्महिने खाल्ली तर पाय लुळे पडतात, हे खरं आहे, मध्य प्रदेशातल्या रेवा भागात तसे रुग्ण मोठ्या संख्येने होते. म्हणून १९६१ मध्ये विक्रीवर बंदीचा नियम आला. पेरणं चालूच होतं, खाणं चालूच होतं. बंदीचा एकच परिणाम झाला, शेतकऱ्याला भाव मिळेना आणि व्यापारी ती बेसनात मिसळू लागले. हैदराबादच्या संस्थेनेच पुढे दाखवलं की गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की विषारी अंश बराच कमी होतो. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले, उपोषणं केली. कमी विषारी अंशाची रतन, प्रतीक, महातिवडा अशी वाणं आली आणि जानेवारी २०१६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्या वाणांना हिरवा कंदील दाखवला. तरी आजही आपल्या बांधीत कुठलं वाण आहे, किती भिजवायची, रोज किती खायची, हे गावात जाऊन सांगणारं माणूस नाही. पंचावन्न वर्षांचा वाद आपल्या डाळीवर झाला आणि आपला आवाज त्यात जवळजवळ नव्हताच.

तिसरी गोष्ट अजून ताजी आहे. रेशनवर लोहयुक्त तांदूळ यायला लागला तेव्हा गावोगाव एकच बोंब, "प्लास्टिकचा तांदूळ!" बाया पाण्यावर तरंगणारे दाणे वेचून फेकायच्या. ते प्लास्टिक नव्हतं. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून दाण्यासारखे दाणे करतात आणि शंभर किलोत एक किलो मिसळतात. हे कुणी सांगायला हवं होतं? रेशन दुकानदाराने?

आणि आपल्याकडे प्रश्न तेवढाच नव्हता. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी होतं, दरवेळी लोह कमी म्हणून नव्हे. लोहयुक्त अन्नाच्या पाकिटावर सिकलसेलच्या रुग्णांसाठी इशारा छापायचा नियम होता. पण रेशनचं पोतं उघडून तांदूळ मापून देतात, इशारा पोत्यावर राहतो. पुढे तज्ज्ञांच्या समितीने अभ्यास करून सांगितलं की तांदळातून जाणाऱ्या एवढ्या लोहाने धोक्याचा पुरावा नाही, आणि २०२४ मध्ये तो इशाराच काढला. म्हणजे आधी "खाऊ नका", मग "चालतं". दोन्ही गोष्टी सिकलसेलच्या घरापर्यंत नीट पोचल्या नाहीत. जे पोचलं ते व्हॉट्सॲपवरून. ज्या जिल्ह्यात तिन्ही त्रिकाळ भात आणि घराघरांत सिकलसेलची भीती, तिथे तांदळात काय मिसळलंय हे समजावणारं एक शिकलेलं माणूस तालुक्याला नसावं? आणि लोहाच्या गोळ्यांचं तर वेगळंच. तांदळातलं लोह थोडं, गोळीतलं कितीतरी पट. तिथे सिकलसेलच्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, हा फरक कोण समजावणार?

म्हणून माझं म्हणणं, मुद्द्याचं.

एक. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याला एक कायम पोषणतज्ज्ञ द्या. तीव्र कुपोषित मुलं, सिकलसेलची कुटुंबं, आश्रमशाळा आणि वसतिगृहांचा आहार, रेशनचा दर्जा, हे सगळं तिच्या अखत्यारीत असावं. कंत्राटी नको, कारण कंत्राटी माणूस "हे चुकतंय" म्हणू शकत नाही. आणि वर्षातून एकदा तिचा अहवाल जिल्हा परिषदेत जाहीर वाचला जावा. आईचं समुपदेशन केलं एवढाच रकाना नको, "मूल बरं न होण्याचं कारण" असाही रकाना असावा. रोवणी, मजुरी, पाणी, बंद हातपंप, जे असेल ते लिहायची मुभा असावी.

दोन. विद्यापीठाने प्रकल्प म्हणून चोवीस तासांच्या आहाराची नोंद प्रत्येक विद्यार्थिनीकडून तिच्या स्वतःच्या गावात करून घ्यावी, धान कापणीनंतर एकदा आणि पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असताना एकदा. दहा वर्षांत झाडीपट्टीच्या ताटाची अशी नोंद तयार होईल जी आज कुणाकडे नाही. सालेकसा-देवरीच्या जंगलातल्या भाज्या, अर्जुनी मोरगावच्या तलावातली मासळी, त्यात काय किती, हे तपासून मराठीत छापा. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या पोरींना इंटर्नशिपसाठी नागपूरला खोली करून राहावं लागू नये, अशी सोय इथेच होऊ शकते.

तीन. पोरांनाही हा विषय घेऊ द्या, घ्यायला सांगा. आहार हा बायकांचा विषय आहे असं म्हणून आपण दर ठरवणाऱ्या पुरुषांना त्यातून मोकळं सोडलंय.

एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो मला खरा वाटतो. "पोटालाच नाही तिथे तज्ज्ञ काय करणार? आधी धानाला भाव द्या, रोजगार द्या." बरोबर आहे. तज्ज्ञ भात वाढवणार नाही. नुसता सल्ला द्यायला माणूस नेमणार असाल तर नेमूच नका, त्या पैशाची अंडी वाटा. पण भाव आणि मजुरी कमी आहे हे पोराच्या वजनाच्या आलेखावर दाखवणारं कुणीतरी लागतं. नाहीतर जिल्ह्याच्या बैठकीत दरवर्षी एकच वाक्य येतं, "मातांमध्ये जनजागृतीचा अभाव."

त्या बाईत जागृतीचा अभाव नव्हता. तिला सगळं माहीत होतं. पंधरा दिवसांनी मी आशाताईला फोन करून विचारलं. पोरगं जिवंत होतं, वजन जिथल्या तिथे. रोवणी संपल्यावर ती त्याला घेऊन पुन्हा आली, स्वतःहून. या वेळी पूर्ण दिवस राहिली. घरी जाताना त्याचं वजन जेवढं वाढायला हवं तेवढं वाढलेलं होतं. म्हणजे ती पहिल्या वेळी गेली ती अडाणी म्हणून नव्हे. रजिस्टरमध्ये मात्र दोन्ही वेळी मी तेच लिहिलं.

तर पोरींनो, हो. घ्या न्यूट्रिशन. पगाराची घाई असेल तर दुसरं बघा, खोटं सांगणार नाही. पण घेतलंत तर दोन गोष्टी करा. आपल्या आजीच्या ताटात काय काय होतं ते एका वहीत लिहायला आजपासून सुरुवात करा, पुस्तकात ते मिळणार नाही. आणि कुठल्याही आईला "अंडं द्या" म्हणायच्या आधी तिला विचारा, अंडी कुठे जातात. तिचं उत्तर लिहून घ्या आणि ते तिच्यासमोर नाही, साहेबासमोर वाचा.

आणि त्या बाबांना, ज्यांनी "सैपाक" म्हटलं होतं. काका, घरी माय तिला भात शिजवायला शिकवेलच. तो भात कसा उकडायचा, त्यात काय मिसळलंय, त्याला भाव किती आणि तो खाऊनही आपली पोरं वाळकी का, हे शिकायला तिला नागपूरला जावं लागेल. पाठवा. शिकून परत आली की तिला तालुक्यात जागा मिळावी म्हणून मी अर्ज लिहिते आहे. खाली सही कराल का जी?